लुगडे चालते, बोली चालत नाही

'झेवियर' हे नाव मराठी माणसाला परके वाटत नाही. मुंबईत त्या नावाचे महाविद्यालय १८६९ पासून उभे आहे आणि जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरचे शव पाहायला जाणाऱ्यांत आपल्याकडील सहलीच्या गाड्या दर हिवाळ्यात असतात. परंतु हे नाव मुळात बास्क भाषेतील आहे हे सहसा सांगितले जात नाही. 'एचे' म्हणजे घर, 'बेरी' म्हणजे नवे. आपल्या ठाणे-रायगड पट्ट्यात नवघर नावाची गावे आहेत, तसेच हे पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचे एक नवघर. १५०६ साली तेथे जन्मलेला हा मनुष्य १५४२ मध्ये गोव्यात उतरला आणि १५४४ च्या एका पत्रात, दक्षिणेकडील ख्रिस्ती लोकांशी बोलताना येणारी अडचण सांगताना, त्यांची भाषा मलबारी आणि माझी बास्क, असे त्याने लिहिले. लॅटिन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज या भाषांत वावरलेल्या या मिशनऱ्याने 'माझी' म्हणून बास्कच सांगितली. (त्याच गोव्यात पुढे १६८४ मध्ये कोकणीविरुद्ध फर्मान निघाले, हा इतिहासाचा वेगळाच विनोद.)

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या आम्हा दोघांना एकाएकी बास्क लोक कोठून आठवले, असे वाचक विचारतील. त्याचे कारण एका स्नेहसंमेलनात आहे. मात्र तेथे जाण्यापूर्वी बास्कांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये राहणारा हा समाज. त्यांची भाषा आज साडेसात-आठ लाख लोक बोलतात. युरोपातील कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते जुळत नाही. भाषाविज्ञानाच्या तासाला 'एकाकी भाषा' म्हणून आपण तिचा उल्लेख करतो आणि पुढे जातो. तिचे स्वतःचे नाव 'एउस्कारा'. या लोकांनी स्वतःला दिलेले नाव 'एउस्काल्दुन', म्हणजे ज्याच्यापाशी एउस्कारा आहे तो. वंश, गाव, धंदा, धर्म यांपैकी काहीही त्या नावात नाही. भाषा जवळ असणे एवढीच माणसाची ओळख.

बाहेरच्या जगाने मात्र त्यांना ओळखले ते कपड्यावरून. लोकरीची सपाट गोल टोपी फ्रान्समध्ये 'बेरे बास्क' म्हणून प्रसिद्ध झाली. चे गेव्हाराच्या छायाचित्रामुळे तिचा घाट आमच्या विद्यार्थ्यांच्या टी-शर्टांवरही येऊन पोहोचला आहे. खरे तर ही टोपी बास्कांच्या शेजारच्या बेआर्न प्रांतातील मेंढपाळांची, पण नाव बास्कांचे पडले. दुसरे वस्त्र स्त्रियांचे: अंगाला घट्ट बसणारी आणि कमरेखाली थोडी उतरणारी चोळी. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शिंपीकामात तिला नुसते 'बास्क' म्हणू लागले आणि इंग्रजी कोशात ती आजही त्याच नावाने सापडते. एका संपूर्ण समाजाचे नाव शिंप्याच्या मापाच्या वहीत जाऊन बसले.

ज्या काळात हे कपडे बाजारात मिरवत होते त्याच काळात शाळेत बास्क बोलणाऱ्या मुलाच्या हाती एक अंगठी दिली जाई. दुसरे कोणी बास्क बोलताना सापडले की अंगठी त्याच्याकडे जायची. शेवटी जिच्याकडे ती उरेल त्या मुलाला शिक्षा. पुढे फ्रँकोच्या राजवटीत, १९३९ ते १९७५ या काळात, या भाषेला सार्वजनिक जीवनात थारा उरला नाही. पिकासोचे 'गेर्निका' चित्र आम्ही वर्गात दाखवतो, पण २६ एप्रिल १९३७ रोजी ज्या गावावर ते बॉम्ब पडले ते बास्क गाव होते, हे सांगायचे आमच्याकडून कितीतरी वर्षे राहूनच गेले होते.

आता आमचे स्नेहसंमेलन.

महाविद्यालयाचे नाव घेत नाही. आमच्या भागातील कोणतेही असू शकेल. दरवर्षीप्रमाणे 'पारंपरिक वेशभूषा दिन' होता. पेशवाई पगड्या, फेटे, शिवलेल्या नऊवाऱ्या, कोळी पेहराव हे सारे ओळीने आले. संयोजन समितीत आम्ही होतो. यंदा 'स्थानिक आदिवासी संस्कृती' दिसली पाहिजे असा आग्रहही आमचाच होता. तृतीय वर्षातील एका कातकरी विद्यार्थिनीला आम्ही सांगितले, "तू तुमच्या वेशात ये." ती "हो सर" म्हणाली. कार्यक्रमाच्या दिवशी ती हिरव्या, चकाकत्या, गुडघ्यापर्यंत शिवून तयार केलेल्या लुगड्यात आली. गळ्यात प्लॅस्टिकच्या मण्यांच्या माळा, कपाळावर पांढरे ठिपके. टाळ्या पडल्या. तिला दुसरे बक्षीस मिळाले. परीक्षक आम्हीच.

नंतर सहज चौकशी केली तेव्हा कळले, की तो पोशाख कल्याणच्या एका दुकानातून तीनशे रुपये भाड्याने आणला होता. तिच्या घरात तसे काही नव्हते. आई मॅक्सीवर टॉवेल टाकून वीटभट्टीवर जाते. आजी लुगडे नेसते. पण ते असे नसते, असे ती म्हणाली. कसे असते ते मात्र आम्ही त्या वेळी विचारले नाही.

विचारायला हवे होते. आखूड लुगडे हा आमच्या डोंगरपट्ट्यातील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी स्त्रियांच्या श्रमाचा हिशेब आहे. गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करायची, माहुलीच्या किंवा सिद्धगडाच्या उतारावरून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरायचे, ओहोळात उभे राहून खेकडे आणि मासे धरायचे. पायघोळ वस्त्र येथे उपयोगाचे नाही. कासोटा मागे घट्ट खोचलेला, कापड जाडेभरडे, रंग मळखाऊ, पदर कमरेला आवळलेला म्हणजे हात मोकळे. सणाचे लुगडे वेगळे, रोजचे वेगळे. जुने झाले की त्याची गोधडी आणि मुलाची झोळी. एखाद्या म्हातारीला कापडाविषयी बोलते केले तर अर्धा दिवस पुरेल इतकी माहिती ती देते, आणि तीत पीक, पाऊस, सावकार, बाजार, लग्न असे सगळे येते. कपड्याच्या दुकानातील ते हिरवे लुगडे या सगळ्यापासून धुऊन काढलेले आहे. कमरेखाली झालर असलेल्या त्या युरोपीय चोळीला बास्क शेतकरणीचा जितका वास उरला असेल तितकाच याला कातकरणीचा.

पण हे कपड्यापुरते झाले असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. टाळ्या थांबल्यावर सूत्रसंचालकाने, तोही आमचाच विद्यार्थी, ध्वनिक्षेपक तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "आता तुमच्या भाषेत दोन वाक्ये बोल." ती हसली. मान हलवली. तो पुन्हा म्हणाला. तेव्हा ती शुद्ध प्रमाण मराठीत, आम्ही शिकवलेल्या मराठीत, म्हणाली, "ती येथे बोलायची नाही. ती घरची आहे."

सभागृह हसले. आम्हीही हसलो असू. घरी जाताना मात्र आमच्यापैकी एकाला तिची दोन वर्षांपूर्वीची उत्तरपत्रिका आठवली. प्रश्न होता 'बोली आणि प्रमाणभाषा यांतील परस्परसंबंध स्पष्ट करा'. तिने ठीक उत्तर लिहिले होते. कोणतीही बोली हीन नसते, प्रत्येक बोलीस स्वतःचे व्याकरण असते, हे आमच्याच टिपणांतील वाक्य तिने लिहिले होते. आणि त्याच पानावर 'पानी', 'लोनी', 'कोनी' या शब्दांतील 'न' भोवती तांबडी वर्तुळे होती, काही लिंगवचनांच्या प्रत्ययांवर काट होती, समासात 'शुद्धलेखन!' असा शेरा होता. अक्षर आमचे. दहापैकी साडेचार गुण. बोली हीन नसते हे ज्या बोलीच्या वळणाने लिहिले, त्या वळणाचेच गुण आम्ही कापले होते.

बास्क मुलाच्या हातातील अंगठी निदान हातोहात फिरत तरी होती.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाही तर तुलना भलतीकडे जाईल. बास्क ही एकाकी भाषा आहे. त्या अर्थाने तिची महाराष्ट्रातील सोबतीण शोधायची तर ती बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद परिसरात सापडेल. तेथील निहाली ही भाषा दोन-अडीच हजार लोक बोलतात आणि तिचेही नाते आर्य, द्राविड, मुंडा यांपैकी कोणत्याही कुळाशी निर्विवाद जुळलेले नाही. कातकरी आणि ठाकरी यांचे तसे नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात त्या मराठीच्या बोलींत नोंदवल्या आहेत आणि त्यांचे मराठी-कोकणीशी असलेले नाते उघड आहे. पण आम्हांला आता असे वाटू लागले आहे, की हे जवळचे नातेच त्यांना भोवले. दूरची भाषा ऐकणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो तिला 'वेगळी' म्हणतो. जवळची भाषा त्याला अर्धीमुर्धी कळते, म्हणून तो तिला 'अशुद्ध' म्हणतो. निहाली बोलणाऱ्या मुलाला निदान दुभाषा लागेल असे कोणाच्या तरी मनात येते. कातकरी मुलाला पहिलीच्या वर्गात दुभाषा लागेल असे कोणाच्या मनातही येत नाही, कारण तो 'मराठीच तर बोलतो, फक्त चुकीची'.

नावाचाही प्रश्न आहे. बास्क स्वतःला भाषेवरून ओळखतात असे वर म्हटले. कातकरी हे नाव काताचे. खैराचे लाकूड उकळून कात काढणारे ते कातकरी, ते काथोडी. शासनाच्या यादीत दोन्ही नावे आहेत. जंगल कायदे आले, खैर तोडणे गुन्हा झाला, काताच्या भट्ट्या विझल्या. नाव राहिले. आता दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे विटांच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे हुडकले तर या समाजाचे नाव एका वस्तूवरून, त्याचे सार्वजनिक दर्शन एका कपड्यावरून आणि त्याची सरकारी ओळख 'आदिम जमात' या शिक्क्यावरून. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ते पावणेतीन लाखांच्या वर होते. त्यांची भाषा यांपैकी एकाही ओळखीत नाही. डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला, तेव्हा अशा भाषांना मराठीत एक घर मिळाले. आमच्या ग्रंथालयात तो खंड आहे. गेल्या दहा वर्षांत तो कितीदा नेला गेला हे आम्ही कार्डावर पाहिले आणि येथे लिहीत नाही.

मुरबाडहून माळशेजच्या वाटेने जाताना वैशाखऱ्याच्या बाजूला नाणेघाट लागतो. तेथील लेण्यातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेख मराठीच्या अभ्यासकांना पूज्य आहे. त्यातील 'महारठि' या शब्दाचा आधार रंगनाथ पठारे समितीच्या अभिजात भाषेविषयीच्या मांडणीतही आला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात दर्जा दिला तेव्हा आमच्या विभागाने पेढे वाटले. नंतर विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही घाट चढलो. मराठीच्या दोन हजार वर्षांच्या वयाचा पुरावा डोंगराच्या माथ्यावर, आणि पायथ्याच्या वाड्यांत ज्या बोलीत मुलांना हाका मारल्या जात होत्या तिची आमच्या अभ्यासक्रमात अर्ध्या पानाची नोंद. सहलीच्या अहवालात हे आले नाही. अहवाल आम्हीच लिहिला होता.

पुढच्याच वर्षी, १६ एप्रिल २०२५ रोजी, राज्य शासनाने पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा निर्णय काढला. आम्ही दोघेही त्याच्या विरोधात बोललो, लिहिले, सह्या केल्या. सहा वर्षांच्या मुलावर परकी भाषा लादू नये, त्याचे आकलन खुंटते, घरची भाषा हाच शिक्षणाचा पाया असतो, हे आमचे मुद्दे होते आणि आजही आहेत. २९ जून २०२५ रोजी ते शासननिर्णय मागे घेण्यात आले. आनंद झाला. मग एका वाडीवरील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, आमचेच जुने विद्यार्थी, भेटले आणि म्हणाले, "सर, तुमचा लेख वाचला. 'हिंदी' शब्दाच्या जागी 'मराठी' घालून वाचला, तर माझ्या पहिलीच्या वर्गाचे वर्णन झाले." आम्ही त्यांना चहा पाजला. उत्तर आमच्यापाशी नव्हते.

या विषयावर आमच्या एका सहकाऱ्यांशी बराच वाद झाला. त्यांचे म्हणणे असे: कातकऱ्यांना भाषेचे कौतुक नको आहे, जमीन हवी आहे, जातीचा दाखला हवा आहे, भट्टीमालकाच्या उचलीतून सुटका हवी आहे. त्यांच्या मुलांना मराठीच हवी, जमले तर इंग्रजी. घरच्या बोलीत शिकून नोकरी लागत नाही. शिवाय बास्कांचा दाखला देणे फसवे आहे. त्यांच्याकडे लोखंडाच्या खाणी होत्या, बिल्बाओची जहाजबांधणी होती, बँका होत्या. पैसेवाल्या समाजाची भाषा वाचतेच.

यातील बहुतेक आम्हांला मान्य आहे. १९६० च्या दशकात बास्क पालकांनी पदरमोड करून 'इकास्तोला' नावाच्या शाळा चालवल्या, १९६८ मध्ये विद्वानांनी वेगवेगळ्या बोलींतून एक प्रमाण बास्क उभी केली, १९७९ च्या स्वायत्तता कायद्याने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषेचा मान मिळाला. यांतील प्रत्येक पायरीमागे संघटना आणि पैसा होता. वर्षातील सहा महिने भट्टीवर राहणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. आणि मराठी तर त्या मुलांना उत्तम आलीच पाहिजे, ती शिकवणे हेच आमचे पोट आहे. पण आमच्या सहकाऱ्यांना आम्ही एकच विचारले: लुगड्याने तरी कोणाला जमीन मिळते? तरीही ते आपण दरवर्षी मागतोच की. नऊ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला मागतो, पाहुणे आले की मागतो, नॅक समिती आली की दारात कांबडनाच उभा करतो. जे विनासायास पाहता येते ते आपण मागतो. ज्यासाठी आपल्यालाच काही शिकावे लागेल ते त्यांच्या अडचणीच्या नावाखाली सोडून देतो.

बास्कांच्या टोपीची एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांच्या भाषेत टोपीला 'चापेला' म्हणतात आणि विजेत्याला 'चापेल्दुन', म्हणजे ज्याच्यापाशी टोपी आहे तो. 'एउस्काल्दुन' मधील तोच प्रत्यय. त्यांच्याकडे 'बेर्चोलारी' नावाचे शीघ्रकवी असतात. दिलेल्या विषयावर, दिलेल्या वृत्तात, ठरलेल्या चालीवर उभ्या उभ्या पद्य रचून गायचे. आपल्या शाहिरांच्या सवाल-जवाबाची आठवण यावी असा हा प्रकार. त्यांची मोठी स्पर्धा चार वर्षांनी होते, अंतिम फेरीला हजारोंनी श्रोते जमतात आणि जिंकणाऱ्याच्या डोक्यावर ती टोपी चढवली जाते. २००९ मध्ये मायालेन लुहान्बियो या स्त्रीने ती प्रथम मिळवली. जगाने टोपी पाहिली आणि भाषा विसरली. त्यांनी मात्र टोपी भाषेच्याच बक्षिसाला ठेवली. आपल्याकडे हे अगदीच अपरिचित नाही. कलगी आणि तुरा ही पागोट्यावर खोचायची भूषणेच. शाहिरांच्या दोन परंपरांनी ती नावे घेतली आणि त्यासाठी रात्र रात्र कवने भांडली. म्हणजे वेश आणि वाणी एका माणसात नांदू शकतात, हे मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला युरोपात जाऊन शिकायचे कारण नाही. आम्हांला शिकावे लागले.

आम्ही दोघांनी यंदा दोन लहान गोष्टी केल्या. अंतर्गत मूल्यमापनात 'न' आणि 'ण' यांवरचे गुण कापणे थांबवले; चूक दाखवतो, समजावतो, गुण कापत नाही. यावर विभागात नाराजी आहे आणि विद्यापीठाच्या परीक्षेत आमचा अधिकार चालत नाही, त्यामुळे यात विद्यार्थ्यांची फसवणूक तर होत नाही ना, ही शंका आम्हांलाही आहे. दुसरी गोष्ट म्हणजे महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी त्या विद्यार्थिनीकडे लेख मागितला. विषय तिचा, भाषा तिची. तिने महिनाभर उत्तर दिले नाही. मग एके दिवशी चार पाने आणून दिली. आजीने सांगितलेले, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून उतरवलेले. लुगड्याविषयीच आहे: पहिले लुगडे कोणी आणले, बाजार कोणता, किती दिवसांची मजुरी त्यात गेली.

चार पानांत सात ठिकाणी तिने जागा कोरी सोडली आहे. तेथील उच्चार देवनागरीत कसा लिहावा हे तिला ठरवता आले नाही, आणि आम्हांलाही नाही. आम्ही सुचवलेली दोन रूपे तिने आजीला वाचून दाखवली. आजी म्हणाली, हे मास्तरांचे झाले. अंक छापायला जायला तीन आठवडे आहेत. येत्या रविवारी आम्ही आजीकडे जाणार आहोत, तेवढ्यात त्या भट्टीवरून परत आल्या तर.